विहिरीतून टाकीत

फेब्रुवारी १८९७. तुम्ही अंधेरीच्या फलाटावर पाय ठेवता आणि नाकात सगळ्यात आधी शिरतो तो कार्बोलिक ॲसिडचा वास. तो स्टेशनचा नाही, उतरलेल्या माणसांच्या गाठोड्यांचा आहे. मांडवी, डोंगरी, कामाठीपुरा. मिळेल त्या गाडीनं लोक शहराबाहेर पडताहेत. या हिवाळ्यात जवळपास निम्मी मुंबई ओस पडली आहे.

प्रवासाच्या अटी दोनच. काही बदलायचं नाही, आणि जे ठाऊक आहे ते सांगायचं नाही.

स्टेशनाबाहेर तुमच्या ओळखीचं काहीच नाही. पूर्वेला मरोळपर्यंत कापणी झालेली भातखाचरं, पश्चिमेला आंबोलीचं गावठाण आणि पुढं वेसाव्याकडे जाणारी बैलगाडीची वाट. शेतात बांबू रोवून, वर माडाच्या झावळ्या टाकून झोपड्या उभ्या राहताहेत. पुढं हाच परिसर 'उपनगर' म्हणवून घेईल आणि चौरस फुटावर विकला जाईल. आज तो साथीपासून पळालेल्यांचा तळ आहे.

एका झोपडीपुढं एक आजीबाई गाठोडं सोडून बसल्या आहेत. गावातली एक बाई पाणी घेऊन येते.

"कुठनं आलात, आजी?"

"मांडवीहून. चाळीत उंदीर पडायला लागले गं. लेक म्हणाला, आता इथं रात्र काढायची नाही."

उंदीर पडले की घर सोडायचं, हे आजींना पक्कं ठाऊक आहे. मांडवीतल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मागच्या सप्टेंबरात 'हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग' असं निदान केलं, त्याला पाच महिने झाले. पण उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा कोणता, ते अजून एकाही डॉक्टरला सांगता येत नाही. तुम्हाला येतं. उंदीर मेला, त्याचं अंग गार पडलं, की त्याच्यावरच्या पिसवा ऊब शोधत निघतात. समोर आजी गोधडी उघडून झटकताहेत आणि तिच्या घड्यांत काय असू शकतं ते एकट्या तुम्हाला माहीत आहे. तोंड उघडायचं नाही. पॉल-लुई सिमों पिसवेचं नाव घेईल तेही पुढच्या वर्षी, कराचीत. आणि त्यानंतरही बरीच वर्षं त्याला कोणी फारसं मनावर घेणार नाही.

उलट्या दिशेनं जाऊन मांडवीतही डोकावून या. पुढच्या महिन्यात ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांची प्लेग समिती कामाला लागेल. पण घरं धुणं, गटारांत जंतुनाशक आणि समुद्राचं पाणी सोडणं, भिंतींना चुना फासणं आत्ताही चाललंय. रोग घाणीतून, कोंदट हवेतून येतो अशी सरकारची समजूत. म्हणून छपराची कौलं उतरवून खोल्यांत ऊन पाडतात. दारांवर इंग्रजी अक्षरं रंगवतात: हे घर माणसानं राहण्याजोगं नाही. आणि गटारात पाण्याचा लोंढा आला की उंदीर काय करतो? मरत नाही, घर बदलतो. शेजारच्या, अजून स्वच्छ असलेल्या चाळीत जातो.

तरीही त्या कौलं उतरवण्याला सरसकट हसू नका. त्या उन्हाची गाठ पुढं पुन्हा पडायची आहे.

आता आठ-दहा वर्षं ओलांडून परळच्या प्रयोगशाळेत या. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करण्यासाठी उभी केलेली ही जागा. पुढं १९२५ पासून ती त्यांच्याच नावानं ओळखली जाईल. एका बंद खोलीत जमिनीवर प्लेगच्या पिसवा सोडल्या आहेत आणि गिनीपिगांचे पिंजरे दोऱ्यांनी टांगले आहेत. एक जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. खालचे गिनीपिग मरतात, वरचे जगतात. हवा तीच, वास तोच, खोली तीच. फरक पिसवेच्या उडीचा. कितीतरी अहवालांच्या बाडांपेक्षा मला हे दोन पिंजरे मोठे वाटतात. कोंदट हवेचा सिद्धांत त्या हातभर अंतरात पडला.

इथं काम करणाऱ्यांपैकी ग्लेन लिस्टन हा माणूस नीट बघून ठेवा. परळला येण्याआधी तो वऱ्हाडात, एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला लष्करी डॉक्टर होता. तिथं वर्षभर डासांच्या मागे हिंडून त्यानं १९०१ मध्ये एका नव्या जातीचं वर्णन छापलं: ॲनोफेलिस स्टीफेन्सी. प्लेगच्या गडबडीत त्या डासाकडे लक्ष द्यायला सवड कोणाला होती? पण तुमच्या पुढच्या सगळ्या मुक्कामांवर तो आधीच येऊन बसलेला असेल.

१९११. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल आलाय. दलदल, भातशेती, खाडी यांच्याकडे बोट दाखवायची सवय झालेल्यांना त्यात धक्का आहे. शहरातला हिवताप दलदलीचा नाही, घरातल्या विहिरींचा, हौदांचा, कारंज्यांचा आहे. स्टीफेन्सीला घाण पाणी नको असतं. त्याला तुम्ही पिता तेच पाणी हवं असतं. स्वच्छ, सावलीतलं, न हललेलं.

पालिका विहिरी बुजवायला निघते आणि ठिणगी पडते. पारशांसाठी विहीर पवित्र, हिंदूंना पूजेला नळाचं पाणी चालत नाही. वाद, अर्ज, शिष्टमंडळं. शेवटी काही विहिरींवर बारीक जाळी आणि तिला छोटं दार अशी तडजोड निघते. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहरामची विहीर आजही वापरात आहे. माझ्या मते त्या भांडणात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. डासाला मात्र दोघांचंही ऐकायची गरज नव्हती; एक विहीर बुजली की तो दुसरीकडे जाई. १८८८ च्या महापालिका कायद्यातलं ३८१ कलम लक्षात असू द्या. विहिरी, तळी, साचलेलं पाणी यांच्याबद्दलचं ते कलम तुमच्या दारापर्यंत येणार आहे.

मुलुंडला फार थांबू नका. १९२० च्या दशकात इथं काटकोनात रस्ते आखले जाताहेत, रुंद आणि सरळ, क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांच्या आराखड्याबरहुकूम. आखणारे पैशासाठी आखतात, पण घेणाऱ्याच्या मनात दाटीतल्या चाळींची भीती अजून ताजी आहे. हवेशीर जागा हा त्या काळी जाहिरातीतला नुसता शब्द नव्हता.

१९५४, बोरिवली. गाव अजून मुंबई महापालिकेत यायचंय, त्याला १९५७ साल उजाडेल. कान्हेरीच्या वाटेवरच्या एका घरात सकाळपासून धांदल आहे. मलेरियाची माणसं येणार. भांडी अंगणात, देव टोपलीत, मूल शेजारणीच्या कडेवर. खाकी कपड्यांतला माणूस पंप मारतो आणि आतल्या भिंतींवर डीडीटीचा पांढुरका थर बसतो. जाताना तो भिंतीवर तारीख लिहून जातो.

ही भिंतच का, हे तुम्ही विचारू शकत नाही, म्हणून मीच सांगतो. रक्त पिऊन जड झालेली मादी लांब उडत नाही, जवळच्या भिंतीवर टेकते. तिथं तिचे पाय विषावर पडतात. डास घरात आल्यावर मारायचा नाही, तो विसावतो तिथं गाठायचा, अशी ती युक्ती. आकडे खरोखर डोळे दिपवणारे आहेत. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९६५ मध्ये रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास आली. वाद घालणाऱ्यांनी डीडीटीला शिव्या द्याव्यात, पण हा आकडा आधी वाचावा.

आता सण जवळ आलाय आणि घरातली बाई त्याच भिंतीवर शेणामातीचा हात फिरवते आहे. घर सारवलेलं नको? विष सारवणाखाली गाडलं गेलं. पुढच्या फेरीला ती दारातच उभी राहते. "नको बाबा तुमचं औषध. मागच्या खेपेपासनं ढेकूण दुप्पट झालेत." फवारणीवाला हसतो, तुम्हालाही हसू येतं. बाईचं निरीक्षण मात्र चूक नाही. लोकांनी डीडीटीचं स्वागत केलं ते डासांसाठी कमी, ढेकणांसाठी जास्त. आणि ढेकूणच त्याला आधी सरावले. मागोमाग डास. १९७६ मध्ये देशातली रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली.

घाटकोपर, १९७८, मे महिन्यातला रविवार. चाळीच्या गॅलरीत लोखंडी खाटा उभ्या करून ठेवल्या आहेत, गाद्या कठड्यावर उन्हात. काका केरोसीनमध्ये बुडवलेलं पीस फटींत फिरवताहेत. काकू किटली घेऊन उकळतं पाणी ओततात. "त्यानं काही व्हायचं नाही, टिक-२० आणा," शेजारून सल्ला येतो. ती बाटली तुम्ही ओळखता. ढेकणांसाठी घरोघर असलेलं हे द्रव्य पोलिसांच्या पंचनाम्यांतही वारंवार येतं. घरात विष सहज हाताशी असणं हाही घराच्या आरोग्याचाच भाग, पण तो हिशेब कोणी मांडत नाही.

संध्याकाळी कासवछाप अगरबत्ती लागते. दारं-खिडक्या बंद, खोलीत नऊ माणसं. २००३ मध्ये एक अभ्यास छापून येईल: एक कॉइल पूर्ण जळताना जितके सूक्ष्म कण सोडते, तितके पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींतून येतात. खाटेवर झोपलेलं तान्हं मूल सिगारेट ओढत नाही एवढंच.

पलीकडे चाळ पाडून ओनरशिपची इमारत उभी राहते आहे. गॅलरी नाही, सार्वजनिक संडास नाही, प्रत्येकाचं दार बंद. सगळे हेव्यानं बघतात. तुम्ही मान वर करून गच्चीकडे बघा. सिमेंटची टाकी. नळाला पाणी येतं दिवसातून ठरावीक तास, तेही दमानं. म्हणून खाली हौद, वर टाकी, मध्ये पंप. उपनगरांत पाणी चोवीस तास येत असतं तर या लाखो टाक्या बांधाव्या लागल्या नसत्या. स्वच्छ पाणी, सावली, शांतता. विहिरी गेल्या म्हणून ज्याचं घर बुडालं होतं, त्या लिस्टनच्या डासाला आपण पाच मजले वर नवं घर बांधून दिलं.

२६ जुलै २००५. साकीनाक्याच्या रस्त्यावर पाणी कमरेला लागलंय आणि दोरीला धरून माणसं चालताहेत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद होईल. तेवढ्याच वेळात कुलाब्याला जेमतेम ७३. मिठी नदी आपल्या जुन्या जागा परत घेते आहे. तबेल्यांतल्या म्हशी दावणीलाच बुडाल्या. तुमच्या पायाला चपलेचा अंगठा तुटून बारीक कापलंय. त्याच पाण्यात हजारो बिळं बुडाली आहेत आणि उंदरांच्या मूत्रातले लेप्टोस्पायरा जंतू त्यात मिसळले आहेत. आज काही होणार नाही. अंगदुखी, लाल डोळे, ताप आणि काहींना कावीळ हे सगळं ऑगस्टमध्ये येईल, पाणी ओसरून लोक पूर विसरायला लागतील तेव्हा. वेळेत मिळालेली डॉक्सिसायक्लिनची गोळी पुष्कळ काही वाचवू शकते. पण गोळी मागायला आधी त्या दिवशीचं पाणी डॉक्टरला सांगावं लागतं.

२०११, घाटकोपर स्टेशनलगतचा बाजार, रात्रीचे एक वाजून गेले आहेत. इथं जरा वेळ काढा. पालिकेचा मूषक संहारक काम करतो आहे. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी, खांद्याला गोणपाट. बंद दुकानांच्या फळ्यांखाली त्याचा झोत सरकतो. उजेड डोळ्यांवर पडला की उंदीर क्षणभर थबकतो. काठी त्या क्षणात पडली पाहिजे. पडते. फार आवाजही होत नाही.

"किती झाले?"

"एकोणीस. तीस भरायचे."

रात्रीचा कोटा तीसचा. या लोकांवर 'द रॅट रेस' नावाचा माहितीपट निघालाय, पण रस्त्यावर त्यांना कोणी ओळखत नाही. ओळखलं तर लोक बाजूला सरतात. घूस आणि उंदीर यांतला फरक तो शेपटीच्या फटक्यावरून सांगतो. वडापावच्या गाडीमागे सापडतात ते जाडजूड, धान्याच्या दुकानाखालचे चपळ. गटाराचं तोंड, कचऱ्याची पेटी, फुटलेला पाइप, एवढा नकाशा त्याला पाठ. सकाळी मोजदाद होईल आणि काही उंदीर परळला हाफकिनमध्ये तपासणीला जातील, प्लेग परत आलाय का ते बघायला. ही काळजी फुकटची नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत घबराट, हे त्याच्या वरिष्ठांनी अनुभवलंय.

उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार होतात. तीसचा हिशेब या गुणाकाराशी लावून बघा. काठी मेहनती आहे, पण बाजार रोज रात्री नवं जेवण वाढून बंद होतो. कचरा रात्री आठला उचलला असता तर या माणसाला एकोणीसच्या पुढं जायला पहाट झाली असती. मारायला उंदीरच मिळाले नसते.

जाता जाता गोवंडी. पुनर्वसनाच्या सात-आठ मजली इमारती इतक्या जवळजवळ की समोरच्या खिडकीतला टीव्ही बघता येतो. खालच्या मजल्यावर दुपारी बारालाही दिवा. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं २०१८ मध्ये मांडलं की जिथं ऊन-वारा पोचत नाही त्या घरांत क्षयरोग जास्त आढळतो. १८९७ मध्ये गोऱ्या साहेबानं चुकीच्या कारणासाठी कौलं उतरवून ऊन आत घेतलं होतं. इथं नियमांत बसवून ते बाहेर ठेवलं गेलं.

आणि आता आजचा दिवस. बोरिवली पूर्व, चौदावा मजला, नॅशनल पार्क दिसणारी बाल्कनी. इथं दोन्ही अटी संपतात, हवं ते बोला. बाल्कनीत मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागं पाणी साचणारा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा. एडिस डासाला एवढं पुरतं. तो दिवसा चावतो, दोन-चारशे मीटरच्या पुढं सहसा जात नाही, म्हणजे तुमचा डेंगी बहुतेक वेळा तुमच्याच आवारातला. त्याची अंडी कोरड्या बशीला चिकटून कित्येक महिने तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, बशी घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस; 'कोरडा दिवस' आठवड्याला एकदा पाळायला सांगतात तो याच गणितावर. खाली धुराची गाडी येते तेव्हा मुलं तिच्यामागं धावतात आणि मोठ्यांना बरं वाटतं. धूर उडत्या डासांपुरता. बशीतल्या अळीला त्याची खबरही नसते.

झुरळांसाठी पेस्ट कंट्रोलवाला हल्ली स्वयंपाकघरात ठिपक्यांसारखं जेल लावून जातो; ते बरं. पण ढेकणांनी हैराण झालेला एखादा शेजारी गोदामातल्या धान्यासाठी असलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवून बाहेरगावी जातो. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन सुटतो, फटींतून शेजारच्या फ्लॅटमध्ये उतरतो, आणि त्यावर उतारा नाही. मुंबईत अशानं माणसं गेली आहेत. कुजक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास आला आणि शेजारी कुलूप असलं, तर आधी बाहेर पडा.

बाल्कनीतून दिसणाऱ्या त्या रानात कोणतंही कंत्राट न घेतलेला एक कर्मचारी आहे. २०१८ च्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की इथले पस्तीसेक बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटके कुत्रे खातात. त्यामुळे हजारेक चावे आणि रेबीजचे संभाव्य नव्वद रुग्ण टळतात. मुलुंड आणि बोरिवली, दोन्ही बाजूंना. बिबट्याचा त्रास मोजणारे पुष्कळ, हा हिशेब मात्र सोसायटीच्या सभेत कधी निघत नाही.

गच्चीवर चला, पालिकेचे कीटक नियंत्रणवाले आलेत. जिना चढता चढता ऐका: लिस्टनचा डास आता आफ्रिकेत पोचलाय. २०१२ मध्ये जिबुतीत सापडला, २०२२ मध्ये इथिओपियातल्या डिरे दावा शहरात त्यानं ऐन कोरड्या दिवसांत हिवतापाची साथ आणली. तिथंही साठवलेलं पाणी, तिथंही वाढतं शहर.

"शिडी कुठाय?"

"होती," सेक्रेटरी म्हणतात. "रंगकामवाले घेऊन गेले."

तपासनीस पाइपला धरून वर चढतो. झाकण अर्धवट सरकलेलं. तो वाटीभर पाणी पांढऱ्या थाळीत ओततो. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडलेल्या चार बारीक काड्या. तुम्ही बोट दाखवून नाव सांगता, आणि तो पहिल्यांदाच तुमच्याकडे नीट बघतो. मग नोटीस लिहायला घेतो: कलम ३८१.

"झाकण कोणी उघडलं?"

"पाणी येत नव्हतं. बॉल अडकला होता, म्हणून मीच," वरच्या मजल्यावरचे कबूल करतात. "पण दंड मी एकट्यानं का भरायचा? टाकी सगळ्यांची."

खजिनदार म्हणतात, शिडीचा खर्च दुरुस्ती निधीतून करता येईल, पण त्याला सभेची मंजुरी लागेल. सभेला कोरम कधी होत नाही. तोवर तपासनीस कठड्यावरून वाकून शेजारच्या इमारतीची गच्ची बघतो आहे. शिडी तिथंही नाही.